माझ्याच हयातीचा दाखला

गिरगावातल्या आमच्या चाळीत फॉर्म भरायचा असला की माणूस माझ्याकडे येतो. मतदार यादीचा फॉर्म ६ असो, नाहीतर रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असो. शनिवारी संध्याकाळी गॅलरीत स्टूल टाकून बसतो, त्याला तीसेक वर्षं झाली. कुणी पैसे पुढे केले तर गणपतीच्या पेटीत टाकायला सांगतो.

यंदा अडलो तो मीच.

माझं पेन्शन ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफ कापलेल्या नोकरदारांचं. ते चालू ठेवायला दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आमच्यातलेही बरेच जण उगाच नोव्हेंबरच्या गर्दीत घुसतात. तो महिना सरकारी पेन्शनरांचा. आमचा हयातीचा दाखला वर्षात कधीही द्या, दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो. म्हणून मी जूनमध्येच उरकतो.

आधारशी ठसे जुळवायला दुकानातल्या मशीनवर दहाही बोटं ठेवून झाली. "काका, बोटं पुसा." पुसली. "जरा ओली करा." केली. एक जुळेल तर शपथ! छापखान्यात जुळारी होतो मी, छपाईची अक्षरं जुळवणारा. शिशाचे खिळे उचलण्यात उमेद गेली, रेषा राहणार कुठून? दुकानदाराने चाळीस रुपये मात्र घेतलेच.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या पोरीने माझ्याच फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन अ‍ॅप घातली. गंमत म्हणजे आधी ऑपरेटर म्हणून, म्हणजे दाखला काढून देणारा म्हणून चेहरा दाखवायचा, मग पेन्शनर म्हणून. दोन्ही मीच! पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरचा नंबर, आणि बँकेचा खाते क्रमांक टाकला. पुनर्विवाह केला आहे का, हेही विचारतात.

"नाही म्हणा की, विचार कसला करताय?" ही आतून ओरडली.

बाहेर पाऊस, खोलीत अंधार. फोन चेहरा घेईना. गॅलरीत चुन्याच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, चष्मा काढला. आता स्क्रीनवरचं मला दिसेना, म्हणून पोरगीच "मिटा, उघडा" सांगू लागली. कठड्याला टेकलेले दोघं शेजारीही माझ्याबरोबर डोळे मिचकावत होते. चौथ्या खेपेला जमलं. थोड्या वेळाने प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा मेसेज आला.

वळून बघतो तर पहिल्या मजल्यावरच्या आजी पीपीओचा कागद घेऊन माझ्या स्टुलावर बसलेल्या. धुणीभांडी करून त्यांचीही बोटं माझ्यासारखीच गुळगुळीत. म्हटलं, आजी, चष्मा काढा.

"थांब रे, आधी पदर नीट घेऊ दे."