सूत्रधाराचं काय?

१० मे २०२४ला पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉ. नरेंद्र दाभोलकर खून खटल्याचा निकाल होता आणि पेपरसाठी कोर्टाच्या बातम्या माझ्याकडे. सचिन अंदुरे आणि शरद कळसकर दोषी ठरले, दोघांना जन्मठेप. उरलेले तिघे पुराव्याअभावी निर्दोष सुटले. मी बाहेर येऊन डेस्कला फोन लावला.

फोन ठेवतोय तोच डॉक्टरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) एका वयस्कर कार्यकर्त्याने दंड धरला. शिक्षा किती, हे त्यांनी विचारलंच नाही. ‘सूत्रधाराचं काय?’ एवढंच विचारलं. दर महिन्याच्या वीस तारखेला ओंकारेश्वराच्या पुलावर उभं राहून त्यांनी हेच विचारलं होतं.

खरा सूत्रधार मोकळाच राहिला, हा संशय उगाच आलेला नाही. २० ऑगस्ट २०१३ला भल्या सकाळी याच पुलावर, पोलीस चौकीपासून हाकेच्या अंतरावर, डॉक्टरांना गोळ्या घातल्या. पुणे पोलिसांनी आधी दोन शस्त्रविक्रेते पकडले. आरोपपत्रच दाखल झालं नाही म्हणून ते जामिनावर सुटले. २०१४मध्ये हायकोर्टाने तपास सीबीआयकडे दिला. २०१६च्या आरोपपत्रात गोळ्या झाडणारे दुसरेच दोघे होते, २०१८मध्ये अंदुरे-कळसकर आले. मारेकऱ्यांची नावंच बदलत गेली तर लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा? हायकोर्ट स्वतः तपासावर लक्ष ठेवून होतं, हाच काय तो आधार. २०२३मध्ये तोही संपला.

या सगळ्यात पाय रोवून उभा राहिला तो महापालिकेचा एक सफाई कर्मचारी. त्या सकाळी तो पुलावर कामाला होता. भर कोर्टात त्याने दोघांना ओळखलं. एवढ्या बड्या यंत्रणा राबल्या, पण माझ्या मते या खटल्याची लाज राखली ती झाडू हातात असलेल्या माणसाने.

दुपारी निकालपत्र चाळताना एका परिच्छेदावर अडलो. मुख्य सूत्रधार वेगळेच आहेत, पुणे पोलीस आणि सीबीआय त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत. हे अपयश होतं की सत्तेतल्या कुणाच्या प्रभावाखाली मुद्दाम स्वस्थ बसणं, याचं आत्मपरीक्षण त्यांनीच करावं, असं न्यायालयाने म्हटलं होतं. मोर्च्यांत जो आरोप ऐकत आलो, तीच शंका आता न्यायाधीशांच्या लेखणीतून आली होती.

डेस्कला मथळा जन्मठेपेचा हवा होता. तो ठेवला, पण सूत्रधारांचा परिच्छेद पहिल्याच चौकटीत घ्यायला लावला. तिघांच्या सुटकेविरोधात वरच्या कोर्टात जाणार, असं दाभोलकर कुटुंबाने त्याच दिवशी सांगितलं.