कॅनडाचा सुपर व्हिसा आणि ग्रामपंचायतीची एक सही: माझा अनुभव

कॅनडाच्या व्हिसाला लागला नाही एवढा वेळ माझ्या माहेरच्या ग्रामपंचायतीतल्या एका सहीला लागला. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

मुलगी ब्रॅम्प्टनला असते. दोघंही नोकरीवर, नातू लहान. यवतमाळ जिल्ह्यातलं वावर सोडून आमचे हे काही येत नाहीत, म्हणून मी एकटीच साध्या व्हिजिटर व्हिसावर जायचे. व्हिसा अनेक वर्षांचा असला तरी एका वेळी राहायला मिळतं साधारण सहा महिने. नातू अंगाला लागतो न लागतो तोच परतीचं तिकीट. शेवटच्या वेळी तर विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, आत्ताच जाऊन आलात, पुन्हा कशाला? किती दिवस राहू द्यायचं हे दरवेळी त्याच्याच हातात. तेव्हाच ठरवलं, सुपर व्हिसा काढायचा. तो आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी असतो, आणि जुलै २०२२ पासून एका प्रवेशावर पाच वर्षांपर्यंत राहता येतं.

मुलीने हमीपत्र, पगाराचे कागद पाठवले. अडलं ते ही माझीच मुलगी याच्या पुराव्यावर. बाळंतपण माहेरी झालेलं, नोंद बारशाच्याही आधीची. त्यामुळे बाळाच्या नावाचा रकाना कोरा, आणि आईचं नाव माहेरचं. माझ्या पासपोर्टवर सासरचं नाव, त्यात पुढे 'बाई' जोडलेलं. मुलीच्या पासपोर्टवर आईच्या नावात 'बाई' नाही.

ती नोंद दुरुस्त करून घ्यायची ग्रामसेवकाकडून, आणि त्यांच्याकडे तीन गावं. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. गेलं की शिपाई सांगायचा, "काकू, सायेब मिटिंगले गेले, सोमवारी या." सोमवारी गेले तर तालुक्याला. भेटले तेव्हा प्रतिज्ञापत्र मागितलं, ते दिलं तर लग्नाचा दाखला, तो दिला तर वरून मंजुरी आणा म्हणाले. एकदाच सगळी यादी द्यायला काय जात होतं? एस्टीचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडते, त्याचा हिशेब कोणीच धरत नाही. शेवटी रजिस्टर निघालं. शिवण उसवलेली, पान दोऱ्याला लटकलेलं, आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात माझ्या बाबांची वळणदार सही. मूळ नोंद खोडत नाहीत, दुरुस्ती समासात लिहून सही-तारीख टाकतात. तेवढ्यासाठी एवढं सगळं!

म्हणून सांगते, बाकी काही करण्याआधी मुलांचे जन्मदाखले काढून नावं ताडून पाहा. जुना हाताने लिहिलेला मराठी दाखला असेल तर नवा, इंग्रजीही असलेला घ्या. भाषांतराचा खर्च वाचतो.

पुढचं भराभर झालं. बोटांचे ठसे दहा वर्षं चालतात, ते पुन्हा द्यावे लागले नाहीत. तब्येतीची तपासणी मात्र कॅनडा सरकारच्या यादीतल्याच डॉक्टरकडे करावी लागते, ओळखीच्या दवाखान्याचा कागद चालत नाही. मिळकतीची अट मुलांवर असते आणि घरातली माणसं मोजताना आपल्यालाही धरतात. हो, आणि तिथे गेल्यावर करू म्हणाल तर जमणार नाही, अर्ज कॅनडाबाहेरूनच करावा लागतो. नुसतं एका बाळंतपणापुरतं जायचं असेल तर साधा व्हिसा पुरे, पण नातवंडं सांभाळायची असतील तर सहा महिन्यांच्या फेऱ्यांत जीव घालवू नका.

विमा कमीत कमी एक लाख कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशापासून वर्षभराचा लागतो. त्याचा कागद मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पर्समध्ये ठेवा. उतरल्यावर अधिकारी तो मागू शकतो.