टॅब दाबल्यावर काय होते

वेब पानांसाठी बटणे, डायलॉग असे तयार घटक पुरवणारी ओपन सोर्स (खुल्या कोडची) कंपोनंट लायब्ररी निवडताना आपल्यापैकी बहुतेक जण आधी तिची बटणे कशी दिसतात ते पाहतात आणि मीही कित्येक वर्षे तेच करत आलो. आता मात्र लायब्ररीचे नमुना पान उघडले की मी माउस बाजूला ठेवतो आणि टॅब कळ दाबत सुटतो. रंग आणि कोपऱ्यांची गोलाई एका दुपारी बदलता येते, वागणे तसे बदलता येत नाही.

हे मला एका डायलॉगने, म्हणजे पानावर उघडणाऱ्या छोट्या चौकटीने, शिकवले. एक डिव्ह (पानावरचा साधा कप्पा), मागे अर्धपारदर्शक पडदा आणि कोपऱ्यात फुली, असा तो मी स्वतः लिहिला होता आणि दिसायला नेटका होता. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणारे एक सहकारी तो तपासायला बसले, तेव्हा डायलॉग उघडला आहे हे त्यांना कळलेच नाही. फोकस, म्हणजे दाबलेली कळ जिथे लागू होते ती जागा, मागच्या पानावरच राहिला होता आणि जे दुवे मी झाकले आहेत असे समजत होतो, त्यांच्यावरूनच ते टॅब दाबत फिरत होते. उघडताच फोकस आत नेणे, तो आतच फिरता ठेवणे, एस्केपने डायलॉग बंद करणे आणि ज्या बटणाने तो उघडला त्यावरच फोकस परत आणणे, यांपैकी मी काहीही केले नव्हते. नोंद पुसण्याच्या डायलॉगमध्ये तर ते बटणही नोंदीबरोबर नाहीसे होते. मग फोकस कुठे ठेवायचा, याचाही विचार आधीच करावा लागतो.

डायलॉगपुरते हे ओझे आता हलके झाले आहे, कारण मार्च 2022 पासून एचटीएमएलचा डायलॉग घटक सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो आणि यातले बरेचसे काम तोच करतो. टाइप करता करता पर्याय सुचवणारा कॉम्बोबॉक्स मात्र अजूनही अवघड आहे. त्यात फोकस मजकुराच्या चौकटीतच राहतो, बाणाच्या कळांनी फक्त निवड सरकते आणि सध्या कोणता पर्याय निवडीखाली आहे हे एरिया-अ‍ॅक्टिव्हडिसेंडंट या गुणधर्मातून स्क्रीन रीडरला सांगावे लागते. शिवाय जपानी किंवा चिनी लिहिणारी व्यक्ती एंटर दाबते ती अनेकदा जुळवत असलेली अक्षरे पक्की करण्यासाठी. लायब्ररीने तो एंटर यादीतल्या पर्यायाची निवड समजून घेतला, तर त्या व्यक्तीला आपला शब्दही पूर्ण लिहिता येत नाही.

2011 मध्ये ट्विटरमधील मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी तयार केलेली बूटस्ट्रॅप ही लायब्ररी सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा तयार रूप मिळणे हीच मोठी सोय होती. पुढे अ‍ॅडोबीचे रिअ‍ॅक्ट एरिया आणि रॅडिक्स या लायब्ररींनी रूप पूर्णपणे वापरणाऱ्यावर सोपवून फक्त वागणे पुरवले, आणि मला हीच विभागणी योग्य वाटते. 2023 मध्ये आलेल्या शॅडसीएन या घटकसंचामध्ये घटकाचा कोडच आपल्या प्रकल्पात उतरवून घेता येतो. ते स्वातंत्र्य मला आवडते. पण उतरवलेल्या कोडमधील चूक मूळ ठिकाणी दुरुस्त झाली तरी ती दुरुस्ती आपल्याकडे आपोआप येत नाही, ती आपणच जाऊन आणावी लागते.

एमआयटी या खुल्या परवान्यामुळे आपल्याला कोड बदलण्याची आणि विकण्याचीही मोकळीक मिळते, फक्त मूळ हक्काची नोंद आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. माझ्यासाठी त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे दुरुस्त्यांमागची चर्चाही वाचायला मिळते. वर सांगितलेली एंटरची चूक मला एका लायब्ररीत सापडली, तेव्हा इज-कंपोझिंग हा, अक्षरे अजून जुळवली जात आहेत का ते सांगणारा, गुण तपासणारी एक ओळ मी पाठवली आणि काम झाले असे मला वाटले. देखभाल करणाऱ्यांनी दाखवून दिले की काही ब्राउझरांत अक्षरे पक्की झाल्याची घटना एंटरच्या आधी येते, त्यामुळे तोवर तो गुण खोटा झालेला असतो. म्हणून कळीचा जुना क्रमांक 229 (अक्षरे जुळवताना दाबलेल्या कळीला मिळणारा) आहे का, हेही पाहावे लागते. मी दुसरी अट घातली, घटनांच्या दोन्ही क्रमांसाठी चाचण्या लिहिल्या आणि मगच ती दुरुस्ती स्वीकारली गेली.