उपयोगाचा रकाना

माझ्या विद्यार्थ्यांचा एक गट दर वर्षी एका मुलांच्या केंद्रासाठी प्रकल्प करतो. त्या प्रकल्पाच्या अभिप्राय-अर्जात 'संस्थेला झालेला उपयोग' असा एक रकाना असतो. त्या रकान्यात केंद्रातल्या ताईंनी यंदा एकच वाक्य लिहिले आहे : 'विद्यार्थ्यांना पुष्कळ शिकायला मिळाले.' टोमणा असता तर उत्तर तरी देता आले असते. परंतु टोमणा मारणे ताईंच्या स्वभावात नाही, आणि म्हणूनच ते वाक्य दुपारपासून मनातून जात नाही.

उपयोग झालाच नाही असे म्हणावे, तर तेही खरे नाही. हात थरथरणाऱ्या मुलाला बॅटरीवरचे खेळणे स्वतः चालू-बंद करता यावे म्हणून गटाने मोठे बटण तयार केले, साडेतीन मिलिमीटरच्या जॅकने ते खेळण्याला जोडले, आणि प्रयोगशाळेत सारे चोख चालले. केंद्रात मात्र मुलाने एकदा बटण दाबले की यंत्राला ते अनेकदा दाबल्यासारखे वाटे, आणि खेळणे सुरू होता होता बंद पडे. बटणाचे धातूचे संपर्क दाबताना काही मिलिसेकंद उडतात, म्हणजे भराभर जुळतात-सुटतात, व तेवढ्या वेळातील संकेतांकडे प्रोग्रामने दुर्लक्ष करायचे असते, हे पुस्तकात आहे आणि सर्वांनी परीक्षेत लिहिलेही आहे. येथे उडत होता तो हात. त्या दुर्लक्षाचा अवधी फार वाढवला, तर मूल पुन्हा दाबते, काहीच घडत नाही, आणि ते बटणाकडे पाठ फिरवते. तो अवधी किती असावा हे अखेर ताईंनी मुलाशेजारी बसून ठरवले. गटाला त्या बैठकीत जे उमगले, ते माझ्या वर्षभराच्या तासांतून उमगले नव्हते. (हे लिहिताना थोडे लागते, असो.)

मग शिकवले कोणी, आणि सेवा कोणी कोणाची केली? वेळापत्रक आमचे, गुण आमचे, परीक्षा जवळ आल्या की अदृश्य होण्याची मुभाही आमचीच. दर वर्षी नवा गट येतो, तेच प्रश्न विचारतो, ताई तीच उत्तरे तितक्याच शांतपणे देतात. आणि बटणाची तार तुटते तेव्हा ती जोडणारा पदवी घेऊन गेलेला असतो.

प्लेपंपचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना जरा तोऱ्यातच सांगत आले आहे : मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळावे आणि त्यातून पाणी उपसले जावे अशी ती योजना आफ्रिकेच्या दक्षिण भागात मोठ्या कौतुकाने राबवली गेली, आणि अनेक ठिकाणी अखेर मोठ्या बायकांनाच ते चक्र हातांनी ढकलत बसावे लागले. आज वाटते, त्या बायकांपुढे असा अर्ज ठेवला असता, तर त्यांनीही कदाचित एखादे सौजन्याचे वाक्य लिहून दिले असते.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९९५ मध्ये एडवर्ड कॉयल आणि लिआ जेमिसन यांनी 'एपिक्स' हा असाच, विद्यार्थ्यांनी संस्थांसाठी प्रकल्प करण्याचा, उपक्रम सुरू केला. त्यात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी एकाच गटात असतात आणि संस्थेशी नाते अनेक सत्रे चालू राहते, त्यामुळे जाणाऱ्याचे ज्ञान राहणाऱ्याकडे उरते. हे मी विभागाच्या बैठकीत मांडले होते. पुढे काय झाले ते सांगायला नको.

रात्री अर्ज पुन्हा नीट वाचला. 'इतर सूचना' या रकान्यात, माझ्या नजरेतून सुटलेल्या बारीक अक्षरांत, ताईंनी लिहिले आहे की तार पुन्हा तुटली आहे, कारण मूल बटण सोडायलाच तयार नसते. पुढील वर्षी गट अवश्य पाठवावा, मात्र त्यात सोल्डरिंग येणारा एक तरी असावा. हसू आले. आमच्या प्रवेशाच्या अटीही आता ताईच ठरवणार, आणि खरे तर गुणही त्यांनीच द्यायला हवेत. उद्या जाताना पहिल्या वर्षाच्या दोघांना बरोबर नेणार आहे. सोल्डरिंग त्यांना येत नाही, हे ताईंना आधीच कळवलेले बरे.