५३७ मतं आणि नेडरवाल्या बाई

मी दक्षिण फ्लोरिडातल्या एका कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष असलं की ऑक्टोबरात एक तास मी पाठ्यपुस्तक मिटून ठेवते आणि २००० सालची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची, रिपब्लिकन जॉर्ज बुश विरुद्ध डेमोक्रॅट अल गोर ही लढत वर्गात काढते. उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही, घोळ झाला तो आमच्या आसपासच. मुलं बहुतेक त्यानंतर जन्मलेली, त्यांच्या लेखी ते प्रकरण नेपोलियनइतकंच जुनं. २०२४ मधला तास मात्र माझ्या हातातून निसटला, आणि निसटला ते बरंच झालं.

या तासाचे माझे दोन नियम आहेत. जर-तर करायला मुभा आहे, पण २० जानेवारी २००१ च्या पुढे जायचं नाही. शपथविधी झाला की कल्पनेला टाळं. नाहीतर दहा मिनिटांत अख्खा वर्ग इराकमध्ये पोहोचतो आणि तिथून पृथ्वीचं तापमान कमी करून परततो. आत्याबाईला मिशा फुटल्या की काका म्हणायला हरकत नाही, पण काकांच्या नातवंडांची लग्नं लावत बसायचं नाही. दुसरा नियम असा, की मतं मोजायच्या आधी मोजण्याची पद्धत कागदावर लिहून माझ्याकडे द्यायची.

७ नोव्हेंबर २००० ला मतदान झालं. देशभर मिळून गोर यांना सुमारे ५ लाख ४४ हजार मतं जास्त पडली. पण अध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या इलेक्टोरल मतांवर: प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मतं, बहुतेक ठिकाणी राज्य जिंकणाऱ्याला ती सगळी, आणि २७० झाली की अध्यक्ष. सगळं येऊन अडकलं फ्लोरिडाच्या २५ मतांवर. इथे जवळपास ६० लाख लोकांनी मत दिलं होतं आणि बुश यांची अधिकृत आघाडी ठरली ५३७. वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले तेव्हा आपल्याकडे किती रणकंदन झालं ते आठवा, म्हणजे कल्पना येईल. फेरमोजणी सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती कायमची बंद केली. बुश २७१, गोर २६६.

एका सहकाऱ्याकडे त्या काळचं व्होटोमॅटिक यंत्र आहे. नंतर ही यंत्रं बाद झाली आणि हौशी लोकांनी आठवण म्हणून विकत घेतली. यंत्र म्हणजे एक उघडी पेटीच. वरच्या खाचेतून कार्ड आत सरकवायचं, कार्डाची दोन भोकं दोन खुंट्यांत नीट बसवायची आणि साखळीला बांधलेल्या टोच्याने आपल्या उमेदवारासमोर दाबायचं. कार्डाचा नखाहून लहान तुकडा, त्याला चॅड म्हणतात, खाली पडला की मत पडलं. मुलांना प्रत्यक्ष दाबायला दिलं की कळतं, तो दर वेळी पडत नाही. एका कोपऱ्यावर लोंबकळतो. कधी नुसताच खळगा पडतो. कार्ड यंत्रातून गेलं की लोंबणारा तुकडा परत भोकात जाऊन बसतो आणि मोजणीला तिथे मत दिसतच नाही.

पाम बीच काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) त्यात आणखी भर. तिथल्या निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर स्वतः डेमोक्रॅट. उमेदवार दहा, मतदार वयस्कर, म्हणून अक्षरं मोठी यावीत या सद्हेतूने त्यांनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर छापली. डावीकडे पहिलं नाव बुश, दुसरं गोर. उजवीकडे पहिलं नाव पॅट ब्युकॅनन. भोकं मात्र मधोमध एकाच रांगेत: पहिलं बुश, दुसरं ब्युकॅनन, तिसरं गोर. त्या काउंटीत कडव्या उजव्या ब्युकॅननना ३,४०७ मतं पडली. यातली बरीचशी आपली नसावीत, हे ते स्वतःच टीव्हीवर म्हणाले. दोन भोकं पडल्यामुळे बाद झालेली कार्डं १९ हजारांच्या वर.

तर मी जाड कागदाची अशी वेडीवाकडी कार्डं करून गटांना गठ्ठे वाटले. खिडकीपाशी रिपब्लिकन पक्षाचं काम करणारा एक मुलगा होता. त्याच्या गटाने कडक नियम लिहिला: तुकडा पूर्ण सुटला तरच मत. दारापाशी डेमोक्रॅट घरातली एक मुलगी. तिच्या गटाचा नियम उदार: खळगा दिसला तरी मत.

मोजणी झाली. गठ्ठे मीच रचले होते, त्यामुळे कडक नियमाने गोर जिंकले आणि उदार नियमाने बुश. मुलगा उठून म्हणाला, "प्रोफेसर, आमचा नियम जरा घाईत लिहिला गेला." वर्ग हसेपर्यंत दारापाशी ती मुलगी खोडरबर मागत होती.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीची ड्यूटी त्यांना चुकायची नाही. शिक्का ओला असताना घडी घातली की दुसऱ्या चिन्हावरही ठसा उमटतो, पण तो उलटा असतो, त्यावरून खरा शिक्का ओळखायचा, हे ते आम्हाला पाटीवर काढून दाखवत. शंकेची मतपत्रिका वेगळी ठेवायची आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे न्यायची. टेबलाभोवती सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी बसलेले असत, आणि ते म्हणत, मतपत्रिका बघायच्या आधी माणसं माझ्या तोंडाकडे बघतात.

मुलांना मी सांगितलं की खऱ्या वकिलांनीही हेच केलं. फ्लोरिडात खळग्याला मत मानायला बुश यांच्या बाजूचा विरोध होता. टेक्सासचे गव्हर्नर असताना १९९७ मध्ये त्यांनीच सही केलेल्या कायद्यात मात्र असा खळगा चालत होता. गोर यांची माणसं "प्रत्येक मत मोजा" म्हणत होती, पण हाताने मोजणी मागितली ती चारच काउंट्यांत, जिथे आपली मतं आहेत तिथे. परदेशातल्या सैनिकांच्या टपाली मतांची वेळ आली तेव्हा दोन्ही बाजूंनी भूमिकांची अदलाबदल केली.

पुढचा भाग माझा आवडता. शिकागो विद्यापीठाच्या एनओआरसी या संशोधन संस्थेने वृत्तपत्रांसाठी बाद झालेल्या सुमारे १ लाख ७५ हजार मतपत्रिका एकेक करून तपासल्या. निष्कर्ष २००१ च्या नोव्हेंबरात आले. गोर यांनी मागितलेली चार काउंट्यांची मोजणी पुरी झाली असती, तर बुश २२५ मतांनी जिंकले असते. सगळ्या राज्यातली सगळी बाद मतं तपासली असती, म्हणजे दोन खुणांमुळे बाद झालेलीही, तर गोर ६० ते १७१ मतांनी. उदाहरणार्थ, काहींनी गोरसमोर खूण केली आणि खाली रिकाम्या जागेत पुन्हा गोर असंच लिहिलं. यंत्राने ती मतं बाद केली. ही मोजणी गोर यांच्या वकिलांनी कधी नेट लावून मागितलीच नाही.

इथवर तास ठरल्याप्रमाणे चालला होता. मग खिडकीपाशचा मुलगा म्हणाला, "हे सगळं सोडा. नेडर उभेच राहिले नसते तर?" राल्फ नेडर म्हणजे ग्रीन पक्षाचे उमेदवार, गोर यांची मतं त्यांनी खाल्ली असं पुष्कळांचं म्हणणं. त्यांची फ्लोरिडातली मतं ९७,४८८.

मागच्या बाकावर सत्तरीच्या एक बाई बसतात. निवृत्त नर्स आहेत, हौसेने तासाला येतात. त्या म्हणाल्या, "त्यातलं एक माझं."

सगळी मुंडकी मागे वळली.

"माझा भाऊ चोवीस वर्षं थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर बुशना निवडून दिल्याबद्दल माझे आभार मानतो. टर्कीच्या आधी आभार, मग टर्की." त्या उठून फळ्याशी आल्या. "आता तुमचं गणित मला दाखवा."

मी दाखवलं. नेडरच्या शंभर मतदारांमागे एकाच्याही निव्वळ फरकाची गरज नव्हती, अर्ध्या टक्क्याच्या जरा वर गोरकडे सरकले असते तरी पुरे होतं. त्या म्हणाल्या, शेवटचा उमेदवार घ्या. सोशलिस्ट वर्कर्स पक्षाचे जेम्स हॅरिस, ५६२ मतं. दहाच्या दहा उमेदवारांना ५३७ हून जास्त मतं होती, मग हॅरिसवाल्यांना जेवणाच्या टेबलावर कोणी का छळत नाही? मी म्हटलं, तिथे जवळजवळ सगळेच्या सगळे सरकावे लागतील, ते जर-तर कच्चं आहे.

"बरं, मग टेनेसी." गोर यांचं स्वतःचं राज्य, ११ इलेक्टोरल मतं. ते जिंकले असते तर फ्लोरिडा खड्ड्यात गेला तरी २७७ होत होते. "तिथे मी मत दिलं नव्हतं." मग न्यू हॅम्पशायर: फरक ७,२११, इलेक्टोरल मतं ४, गोर बरोबर २७०. मुलाने लगेच फोनवर शोधलं आणि ओरडला, "तिथेही नेडर! २२,१९८!" सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या बाईच.

मग मी फळा पुसून एक हिशेब मांडला, जो आधी कधी वर्गात घेतला नव्हता. प्रत्येक राज्याला, लहान असो वा मोठं, सिनेटच्या दोन जागांपोटी दोन इलेक्टोरल मतं जास्तीची मिळतात. ती काढून टाकली तर? बुश यांची राज्यं ३०, म्हणजे २७१ मधून ६० गेले, उरले २११. गोर यांची राज्यं २० आणि राजधानी वॉशिंग्टन, मिळून २६७ (तिथल्या एका प्रतिनिधीने निषेध म्हणून कोरी मतपत्रिका टाकली, म्हणून २६६ दिसतात), त्यातून ४२ गेले, उरले २२५. म्हणजे फ्लोरिडा हरूनही गोर अध्यक्ष. वर्ग गप्प. हे जर-तर कोणाला फारसं रुचलं नाही. ज्यांनी ही पद्धत ठरवली ती माणसं १७८७ मधली, त्यांच्याशी भांडणार कोण? टोचा नीट न दाबणारी म्हातारी किंवा हट्टी नर्स हाताशी असताना लोक राज्यघटनेपर्यंत कशाला जातील?

तास संपला तरी वाद पार्किंगपर्यंत गेला. पुढच्या आठवड्यात तो मुलगा एक तक्ता घेऊन आला. डावीकडे एकेक जर-तर, शेजारी लागणारी मतं, त्याच्या शेजारी ते घडण्याची शक्यता, आणि शेवटच्या रकान्यात खापर कोणावर. नेडर होते, लेपोर होत्या, गोरचे वकील होते, टेनेसी होतं. मेहनत खरोखर चांगली होती. पण शेवटच्या रकान्यात त्याच्या स्वतःच्या पक्षाचं नाव एकदाही नव्हतं. सैनिकांची टपाली मतं आणि टेक्सासचा कायदा या दोन ओळी मी तळाला पेन्सिलीने लिहिल्या आणि तक्ता त्याला परत केला. गुण त्या भरून आणल्यावर.