श्वास वाचवून पोकळ केलेली अंडी

जर्मनीत, बव्हेरिया राज्याच्या उत्तर भागात 'फ्रँकोनियन स्वित्झर्लंड' नावाचा डोंगराळ पट्टा आहे. तिथल्या एका वृद्धाश्रमात मी नर्स आहे. ईस्टर जवळ आला की या भागातली गावं आपापल्या विहिरी आणि पाण्याचे हौद सजवतात. हिरव्या फांद्यांची कमान करायची आणि तिच्यावर रंगवलेल्या अंड्यांच्या माळा सोडायच्या. बीबरबाख या लहानशा गावाने २००१ साली एकाच विहिरीवर ११,१०८ अंडी लावली आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. हौस तर आहेच, पण मूळ कारण पाण्याचं. वरचं पठार चुनखडीचं. कितीही पाऊस पडला तरी पाणी दगडातून खाली निघून जातं. नळ येण्याआधी लोक दरीतून पाणी वाहून आणायचे. मी बीडची. टँकरच्या रांगेत हंडा लावलेल्या माणसाला विहीर का नटवतात हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याने पहिल्यांदा बाहेर पडते ती विहीर पुजायलाच.

आश्रमाच्या गावातल्या बायका अंड्यांचे ट्रे आश्रमात आणून देतात. इथल्या आज्यांनी ती पोकळ करायची, रंग गावात द्यायचा, अशी वाटणी. या कामाच्या मुख्य आजी आमच्याच मजल्यावर राहतात. जन्म शेतकऱ्याच्या घरातला, विहिरीची माळ तरुणपणापासून त्यांच्याकडे. आता सीओपीडी, म्हणजे दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, नाकाला कायम ऑक्सिजनची नळी. यंदा त्यांना त्रास नको म्हणून कुणीतरी प्लास्टिकच्या अंड्यांचा खोका आणून ठेवला होता. बऱ्याच गावांत आता प्लास्टिकच चालतं, वाऱ्या-पावसात फुटत नाही. आजींनी खोका टेबलाच्या कडेला सरकवला. "ही दुकानात लावा," म्हणाल्या, "विहिरीवर नाही."

त्या दिवशी मी गोळ्या द्यायला गेले तेव्हा काम सुरू झालेलं होतं. आजींनी एक अंडं ओठांना लावून फुंकलं. पांढरं जेमतेम चमचाभर बाहेर आलं आणि त्या थांबल्या. ओठ निळसर, खांदे वर चढलेले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी ८८ ते ९२ ठरवून दिलेलं आहे. मी त्यांना पुढे वाकून बसवलं, कोपर टेबलावर टेकवायला लावले आणि आकडा वर येईपर्यंत शेजारी बसून राहिले.

ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडा, हा व्यायाम त्यांना आम्हीच शिकवतो. पण त्यात समोर अडथळा नसतो. बारीक भोकातून घट्ट पांढरं ढकलायचं म्हणजे छातीत दाब भरतो, आणि सीओपीडीच्या फुप्फुसात मुळातच हवा अडकून राहते. टेबलावरच्या दुसऱ्या एका आजींचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांनाही जोर करायला मनाई. शिवाय इथे दुकानातली अंडी धुतलेली नसतात. कच्च्या कवचाला तोंड लावणं म्हणजे साल्मोनेला जिवाणूंना आमंत्रण, आणि या वयात ते जुलाबावर थांबत नाही.

सोपा उपाय होता काम बंद करण्याचा, आणि सहकाऱ्यांपैकी काहींचं तेच मत होतं. मला ते पटलं नाही. आजींना फुंकायचं नव्हतं, त्यांना विहिरीची माळ करायची होती. जोर श्वासाचा नको होता एवढंच.

स्टोअरमध्ये मुदत संपलेल्या २० मिलिलिटरच्या सिरिंज पडून होत्या. मी त्या आणल्या, सुया आणल्या नाहीत. ज्या टेबलावर स्मृतिभ्रंशाचे रुग्ण बसतात तिथे सुई नकोच. सिरिंजने एकाच भोकातूनही अंडं रिकामं होतं, पण आजींनी मान हलवली. माळेची तार आरपार जायला हवी, म्हणून दोन भोकं. मग त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली.

अंडी आदल्या रात्रीच फ्रिजबाहेर हवीत, थंड पांढरं हलत नाही. अगदी ताजीही नकोत. अंडं जुनं होतं तसं पांढरं पातळ होतं. दोन्ही टोकांना भोकं, दाभण बोटांत फिरवत फिरवत, ठोकायचं नाही. जाड टोकाला, जिथे आत हवेची पोकळी असते तिथलं भोक थोडं मोठं. त्यातून विणायची सुई घालून पिवळं फोडायचं आणि नीट ढवळायचं. पिवळ्याला दोन्हीकडून धरून ठेवणारे पांढरे पीळ असतात, तेच पुढे भोकात अडकतात. ते तुटले पाहिजेत.

मग हवा भरलेल्या सिरिंजचं टोक निमुळत्या बाजूच्या भोकावर दाबून धरायचं आणि दट्ट्या हळूहळू ढकलायचा. घाई केली तर कवच तडकतं, ते जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाड असतं. खालच्या भोकातून आधी थेंब, मग पिवळसर धार वाडग्यात. आजींचे हात सांध्यांत वाकलेले आहेत, पण दट्ट्यावर अंगठा त्यांनीच ठेवला, अंडं मी धरलं. ऑक्सिमीटर बोटालाच होता. पूर्ण ट्रे संपेपर्यंत आकडा ९० च्या खाली उतरला नाही.

त्याच सिरिंजने साबणाचं कोमट पाणी आत, बोटांनी भोकं दाबून खळखळ, पाणी बाहेर, पुन्हा स्वच्छ पाणी. हे काम मी स्वतः मन लावून केलं. आतल्या पापुद्र्याला चिकटलेलं पांढरं राहिलं की चार दिवसांत कुजका वास सुटतो, आणि रंगवणाऱ्या बायकांना ते लगेच कळतं. युरोपात अंड्यांवर उत्पादनाचा लाल शिक्का असतो, तो मोतीबिंदूवाल्या आजींनी व्हिनेगरच्या बोळ्याने पुसला. बोळा जास्त वेळ ठेवायचा नाही, व्हिनेगर कवचातला चुना खातं. शेवटी लाकडी काड्यांवर उभी ओवून हीटरजवळ सुकत ठेवली.

वाडग्यांत साठलेल्या ऐवजाबद्दल स्वयंपाकघराशी बरीच घासाघीस झाली. एका अंड्यामागे साधारण ५० ग्रॅम, म्हणजे ३० च्या ट्रेला दीड किलो. फुंकलेलं असतं तर ते फेकूनच द्यावं लागलं असतं, आणि तेच बरोबर. पण तोंड लागलं ते एकच अंडं, आणि ते मी आधीच बाजूला केलं होतं. फोडलेलं अंडं लगेच आणि पूर्ण शिजलं पाहिजे, या अटीवर मुख्य आचाऱ्याने वाडगे घेतले. आत ७० अंशांवर किमान दोन मिनिटं, हे त्याने थर्मामीटर खुपसून मला दाखवलं. संध्याकाळी मजल्यावर सगळ्यांना पॅनकेक मिळाले. आजींनी दोन खाल्ले. एरवी रात्रीचं ताट त्यांच्याकडून अर्धं परत येतं, म्हणून ही नोंद मी त्यांच्या फाइलमध्ये केली.

गावातल्या बाई ट्रे न्यायला आल्या तेव्हा त्यांनी एकेक अंडं उजेडासमोर धरून पाहिलं, वास घेतला. चार तडकलेली बाजूला काढली, बाकीची पसंत केली. आजींनी त्यांना बजावलं की पुढच्या वर्षी कमानीच्या मधोमध लावायला हंसिणीची अंडी पाठवा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांना ही सिरिंज पुरणार नाही." मी ६० मिलिलिटरच्या सिरिंज बाजूला काढून ठेवल्या आहेत.