टिपलरच्या खड्ड्यातून वर न आलेला आवाज

वीज केंद्रातल्या एका अपघाताच्या चौकशी अहवालात एक ओळ आहे : 'घटनेच्या वेळी वायरलेस संपर्क यंत्रणा कार्यरत होती.' ती ओळ खोटी नाही. त्या वेळी मी त्याच यंत्रणेच्या कपाटासमोर मीटर लावून उभा होतो. तरी ती मला मान्य होत नाही आणि का होत नाही ते नीट मांडायचं आहे.

केंद्राचं नाव लिहीत नाही. विदर्भातलं औष्णिक वीज केंद्र आहे, भोवती कपाशी आणि तुरीची शेतं, सर्वात जवळचं बरं हॉस्पिटल तासाभराच्या रस्त्यावर. माझं काम म्हणजे इमारतीच्या आत, जमिनीखाली, जिथे वायरलेस आणि मोबाईल पोचत नाहीत तिथे ते पोचवणं. वीज केंद्रं, उपकेंद्रं, पाणीपुरवठ्याची पंपहाऊस. लोकांना वाटतं की तिथल्या हाय व्होल्टेजमुळे सिग्नल जातो. खरं कारण बहुतेक वेळा लोखंड आणि काँक्रीट असतं. स्लॅबमधल्या सळ्यांची जाळी, पत्र्याच्या शेड, मजल्यापासून छतापर्यंत केबल ट्रे. त्यात जमिनीखाली दोन-तीन मजले उतरलात की गावच्या टॉवरचा काही उपयोग उरत नाही.

मग बूस्टर का लावत नाही, असं प्रत्येक ठिकाणी विचारतात. मोबाईलचा बूस्टर स्वतः विकत आणून लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. ते काम मोबाईल कंपनीनेच करायचं असतं. याच केंद्राच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी ऑनलाइन मागवलेला बूस्टर पत्र्याखाली टांगला होता. त्याचा बाहेरचा आणि आतला अँटेना इतके जवळ होते की तो स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा वाढवत राहिला आणि आसपासच्या गावांचे कॉल तुटू लागले. कंपनीची माणसं मीटर घेऊन शोधत आली तेव्हा ते कळलं. त्यानंतर सुरक्षा विभागाने मोबाईलचा विषयच बंद केला. त्यांची बाजू मला कळते. अशा जागेचे फोटो बाहेर जाऊ नयेत, आणि कोळशाच्या धुळीत साधा फोन नेऊच नये. पण फोन काढून घेतलात तर त्या माणसाच्या हातात उरतो एक वॉकीटॉकी. मग तो तरी शंभर टक्के भरवशाचा हवा.

मला बोलावलं होतं ते वायरलेस केबल गॅलरीपर्यंत, म्हणजे केबल जातात त्या बंदिस्त बोळापर्यंत, वाढवता येईल का हे बघायला. दिवस पोळ्याचा. मी त्यांना दुसरी तारीख मागितली होती, पण गेटपासची मुदत संपत होती. गेटवरची सकाळ नेहमीसारखी गेली : लॅपटॉपचा सिरियल नंबर, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (हवेतले सिग्नल पडद्यावर दाखवणारं मीटर) 'काय काय रेकॉर्ड करतो' यावर लांबलचक चर्चा.

वॅगन टिपलर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : रेल्वेची कोळशाची वॅगन पकडून अख्खी उलटी करणारं यंत्र. एका रेकमध्ये, म्हणजे अख्ख्या मालगाडीत, 58-59 वॅगन, एकेकीत 60 टनांच्या आसपास कोळसा. तो जाळीतून खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत, पडतो, तिथून बेताबेताने कोळसा पुढे सोडणाऱ्या फीडरवर, फीडरवरून जमिनीखालच्या बेल्टवर आणि बेल्ट बोगद्यातून चढत कोळसा फोडणाऱ्या क्रशर हाऊसकडे जातो. ठरलेल्या वेळात रेक रिकामा झाला नाही तर रेल्वे डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, लावते. त्यामुळे रेक आला की तिथे थांबवाथांबवी कुणालाच नको असते. बेल्टच्या शेपटाकडे, म्हणजे बेल्ट जिच्यावरून वळतो त्या टेल पुलीच्या मागे, एक खड्डा असतो. सांडलेला कोळसा आणि झिरपलेलं पाणी तिथे साचतं. ते उपसायला ठेक्याची माणसं फावडी घेऊन उतरतात. एरवी चौघं असतात. पोळ्यामुळे दोघंच होते.

या बोगद्यात दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठेकेदाराने लिकी केबल टाकली होती. ही केबल मला फार आवडते. वरून जाड काळी दिसते, आतल्या तांब्याच्या आवरणाला ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि त्या खाचांतून सिग्नल थोडा थोडा बाहेर झिरपतो, तसाच बाहेरचा आत शिरतो. बोगद्यात एक अँटेना लावून वळणाआड काही मिळत नाही. ही केबल वळणाबरोबर वळते. फक्त तिला फार कमी त्रिज्येत वाकवायचं नाही, लोखंडी ट्रेला चिकटवायची नाही, खाचांची बाजू माणसांकडे ठेवायची आणि शेवटच्या टोकाला 50 ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे टोक बंद करणारा रोध, लावायचं. त्या ठेकेदाराने क्लॅम्प एकसारख्या अंतरावर, भिंतीपासून सुटे, व्यवस्थित लावले होते. काम चांगलं होतं. पण केबल टेल पुलीच्या अलीकडेच संपली होती, कारण ड्रॉइंगमध्ये बोगदा तिथे संपतो. खड्डा सिव्हिलच्या ड्रॉइंगमध्ये आहे.

दुपारी मी कोळसा विभागाच्या कंट्रोल रूममागच्या खोलीत होतो. खालून येणाऱ्या सिग्नलच्या टेस्ट पोर्टला अ‍ॅनालायझर लावून नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, किती आहे ते बघत होतो. टिपलर चालू होता, चॅनेलवर सतत बोलणं. मधल्या शांततेत पडद्यावर एक बारीक उंचवटा दिसला. नॉइजच्या रेषेच्या जेमतेम वर, बरोबर आमच्याच फ्रिक्वेन्सीवर. दोन-तीन सेकंद राहिला, गेला. परत आला. कुणीतरी बटण दाबत होतं, सोडत होतं, परत दाबत होतं. शेजारच्या खोलीतल्या स्पीकरवर काहीच नव्हतं. टिपलरच्या ऑपरेटरने बोलायला सुरुवात केली की उंचवटा त्याच्या सिग्नलखाली गडप होई. एफएममध्ये, म्हणजे हे सेट ज्या पद्धतीने चालतात त्यात, जोरदार सिग्नल जिंकतो, दुबळ्याचा मागमूसही राहत नाही.

मी कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला विचारलं, "भाऊ, खाली कोणाकडे सेट आहे?"

"टेल एंडला दोघं आहेत. पण त्यांचा काही कॉल नाही."

"कुणीतरी बटण दाबतंय. आवाज येत नाहीये."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता फीडर आणि बेल्ट बंद केला. रेक उभा असताना, फक्त एका परक्या माणसाच्या शब्दावर. त्याचं नाव अहवालात कुठेही नाही. असायला हवं होतं.

खाली खड्ड्यातला पंप ट्रिप झाला होता. पाणी चढलं, ओला कोळसा घसरला आणि एकाचा पाय मांडीपर्यंत त्यात रुतला. वरून सांडणं चालूच. पुलकॉर्डची, म्हणजे ओढली की बेल्ट थांबतो ती, दोरी खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला होती. तिच्यापर्यंत जायचं तर रुतलेल्याचा हात सोडावा लागला असता आणि सोडला असता तर तो आणखी खाली गेला असता. म्हणून दुसरा माणूस एका हाताने सोबत्याला धरून, कमरेचा सेट कमरेलाच ठेवून, दुसऱ्या हाताने बटण दाबत ओरडत होता. पाय सोडवायला बराच वेळ लागला. घोट्याचं हाड मोडलं होतं, बाकी तो वाचला.

संध्याकाळी तो दुसरा माणूस माझ्याजवळ येऊन बसला. "मी तं लय बोंबलून रायलो होतो साहेब. वरचं सगळं आयकू येत होतं मले. मले वाटलं, कोनी ध्यानच नाई देऊन रायलं."

त्याला सगळं ऐकू येत होतं, हेच महत्त्वाचं. वरचा रिपीटर, म्हणजे आलेलं बोलणं पुन्हा जोरात सगळ्यांना पाठवणारं यंत्र, 25 वॅटचा, हातातला सेट 4 वॅटचा. म्हणजे खालच्याचा आवाज मुळातच 8 डीबीने (डेसिबल), साधारण सहा पट, कमी. सेट तोंडाजवळ उभा धरला तर ठीक. कमरेला असेल तर अंग आणि ओले कपडे मिळून 10 ते 20 डीबी खातात, म्हणजे दहा ते शंभर पट. त्यात समोर पोलादी पुली आणि केबल तिच्या पलीकडे. एवढ्यावरही मोडकातोडका आवाज वर आला असता, पण रिपीटरचा स्क्वेल्च, म्हणजे ठरावीक पातळीखालचा सिग्नल आत न घेणारी झडप, घट्ट केलेला निघाला. खालचे सिग्नल वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःचा थोडा नॉइज वर पाठवतातच. त्याने स्पीकर खरखरतो, कंट्रोल रूमने तक्रार केली, देखभालवाल्याने स्क्रू फिरवला आणि खरखर थांबली. त्याबरोबर सगळ्यात दुबळा आवाज आत येण्याची वाटही बंद झाली. शांत स्पीकर म्हणजे चांगली यंत्रणा, हा समज मला बहुतेक कंट्रोल रूममध्ये भेटतो आणि तो घातक आहे.

अ‍ॅनालॉग सेटवर ओळखायची एक साधी खूण असते. बटण सोडल्यावर रिपीटरची क्षणभर 'खस्स' अशी शेपटी ऐकू आली तर तुमचं बोलणं पोचलं. नाही आली तर नाही पोचलं. जुन्या ऑपरेटरांना ही पाठ असते. ठेक्याच्या माणसाला सेट देताना चार्जर कुठे आहे एवढंच सांगतात.

मी त्या केबलच्या कामाचा जुना स्वीकृती अहवाल मागून वाचला. बोगद्यात दर काही मीटरवर मोजलेले आकडे, सगळे उत्तम. पण सगळे वरून खाली येणाऱ्या सिग्नलचे, चालत, मीटर छातीशी धरून घेतलेले. खालून वर किती पोचतं याचा रकानाच चाचणीच्या छापील नमुन्यात नाही. मोजणाऱ्याने लबाडी केलेली नाही. जे विचारलं तेवढं त्याने भरलं. मला राग येतो तो नमुना बनवणाऱ्याचा, कारण त्याने डोळ्यांसमोर माणूस उभाच कल्पिला. फावडं मारणारा माणूस वाकलेला असतो आणि त्याची पाठ नेमकी केबलकडे असते.

उपाय लहान होता. केबल पुलीला वळसा घालून खड्ड्याच्या कडेपर्यंत न्यायची, स्क्वेल्च सैल करायचा, प्रत्येक सेटला खांद्यावर लावायचा माईक द्यायचा. पुरेल एवढी केबल त्यांच्याच स्टोअरमध्ये जुन्या ड्रमवर गुंडाळलेली होती, मी हाताने खाचा तपासल्या. पण ती 'शिल्लक माल' म्हणून नोंदलेली. ती काढायला वाढीव कामाची मंजुरी लागते आणि मंजुरीला कारण लागतं. कारण म्हणून अहवाल जोडायचा, तर त्यात यंत्रणा कार्यरत होती असं लिहिलंय. स्क्वेल्च मी त्याच संध्याकाळी लेखी परवानगी घेऊन सैल केला. कंट्रोल रूममध्ये आता थोडी खरखर असते. त्या ऑपरेटरने इतरांना ठणकावून सांगितलंय की कुणी हात लावायचा नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक जागी शेवटची चाचणी खालून वर घेतो. काम करणाऱ्यालाच त्याच्या जागी उतरवतो, बसवतो, सेट कमरेला, पाठ केबलकडे, आणि तो आकडे म्हणतो. वर दुसरा माणूस ऐकू आले ते लिहून काढतो. दोन्ही कागद जुळले नाहीत तर मी सही करत नाही. यात अख्खा दिवस जातो आणि त्याचे पैसे कुठल्याही निविदेत नसतात.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका केंद्राची निविदा आली. चाचणीचा नमुना तोच, शब्दही तेच. मी बोलीपूर्व शंकांमध्ये, म्हणजे निविदा भरण्याआधी विचारायच्या प्रश्नांत, लिहून पाठवलं की खालून वर मोजण्याचा एक रकाना वाढवावा आणि टेल एंडचा खड्डा कामाच्या व्याप्तीत घ्यावा, सोबत त्या दिवशीचा अ‍ॅनालायझरचा आलेख जोडला. उत्तर आलं, 'निविदेतील अटी कायम.' मी पुन्हा पत्र लिहिलंय, या वेळी त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याला प्रत देऊन.